मदत हवी आहे: नवा वस्तरा हनुवटीवर ओढतोय

पातं 5/8 इंच रुंद, कार्बन स्टीलचं, धार कारखान्यातलीच. दगडाला अजून लावलेलं नाही. गालांवर छान फिरतं, पण हनुवटीवर आणि खालच्या ओठाखाली केस कापण्याऐवजी ओढतं. गळ्याची नंतर आग होते.

कोन साधारण 30 अंश, कातडी ताणलेली, फेस ओलसर, हात केसांच्या दिशेनेच. कोन फार कमी झाला तरी पातं ओढतं, ते तपासून झालंय. दाढीआधी चामडी पट्ट्यावर 50 फेऱ्या, पात्याची पाठ (धारेच्या विरुद्धची जाड कड) पुढे ठेवून, वळवताना पाठीवरूनच. पट्टा ताठ धरलेला. सैल पट्ट्यावर धार गोल होते.

हातावरचे केस कातडीपासून जरा वर धरून पाहिले, तर मुठीकडची धार कापते, टोकाकडची नुसती घसरते. म्हणजे टोकाकडे धार कच्चीच राहिली असावी.

आता 12000 ग्रिटच्या धारेच्या दगडावर (आकडा मोठा तितका दगड बारीक) वजन न देता थोडे हात पुरतील, की 8000 पासून चढावं लागेल? पाठीला टेप लावायची का? आणि क्रोमियम ऑक्साइड (धार घासायची बारीक हिरवी पूड) लावलेला पट्टा इथे उपयोगी पडेल का? कच्च्या धारेला तो पुरत नाही असं मला वाटतं. टोकाकडची धार वेगळी लावून घेतलेल्यांनी जरूर सांगा.