जॅझ-रॉक बँडमधे पाहुणे वादक घेतले की आवाज मोठा न होता नुसता जाड का होतो?

रिफवेडा:
आमचा चौघांचा इन्स्ट्रुमेंटल बँड आहे, गिटार मी, बाकी कीबोर्ड बेस ड्रम्स. तीन वर्षं तेच चार आवाज ऐकून कंटाळा आला म्हणून पुढच्या रेकॉर्डिंगला ट्रम्पेट, आल्टो सॅक्स आणि दोन ट्रॅकवर तबला घ्यायचं ठरवलं. परवा पहिली रिहर्सल झाली आणि कोण काय वाजवतंय तेच कळेना. ब्रासवाले दोघं तयारीचे आहेत पण चार्ट (लिहून दिलेलं नोटेशन) बघून चेहरेच पडले त्यांचे, आणि तबलजी सात मात्रांच्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेवर) तिसऱ्या आवर्तनाला बाहेर. आमचंच काहीतरी चुकतंय हे नक्की, पण काय?

जुनीतबकडी:
माणसं वाढवली पण तुम्ही चौघांनी वाजवणं कमी केलंत का? माझा अंदाज, नाही 😀 स्टीली डॅन बँडच्या १९७७ च्या 'एजा' अल्बममधे सॅक्सवाला वेन शॉर्टर फक्त टायटल ट्रॅकवर आहे, तोही एका सोलोपुरता, आणि त्या गाण्यात लक्षात काय राहतं तर तो सोलो आणि खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम्स. उलट ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर' अल्बमवर बादल रॉयचा तबला सोलोसाठी नाहीच, तो ग्रूव्हमधे (सतत चालणाऱ्या तालात) मुरलेला आहे. म्हणजे पाहुणा पुढे येऊन बोलणार की मागे विणकाम करणार ते ट्रॅकगणिक आधी ठरवा. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडने १९७४ मधे 'अपोकॅलिप्स' अल्बमसाठी अख्खी लंडन सिंफनी घेतली, पण तिथे ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणं) करायला मायकेल गिब्ज आणि प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन होता, तुमच्याकडे बहुतेक एक व्हॉट्सॲप ग्रुप असेल.

फुंकर:
आधी एक, सॅक्स ब्रासमधे येत नाही, रीडवर फुंकायचं वुडविंड आहे, आमच्यासमोर असं बोलू नकोस.
चेहरे का पडले ते सांगतो. गिटारवाल्यांची गाणी ई नाहीतर ए पट्टीत असतात. ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे त्याने कागदावरचा सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो, त्यामुळे तुझं ई मेजर त्याच्या कागदावर एफ शार्प होतं, सहा शार्प (अर्धा सूर चढवलेले स्वर). आल्टो ई फ्लॅटचा, त्याच्याकडे तेच सी शार्प, सातच्या सात शार्प! वाजवता येतं, पण फास्ट लाइनमधे बोटं अडकतात आणि पहिल्याच वाचनात तर विचारूच नको. आणि चार्ट ट्रान्सपोज न करता (त्यांच्या वाद्याच्या पट्टीत न लिहिता) दिला असशील तर मग बोलणंच खुंटलं. सोपा उपाय, तू आणि बेसवाला अर्धा सूर खाली ट्यून करा, तुमची बोटं तिथेच राहतील, गाणं ई फ्लॅटमधे येईल, ट्रम्पेटला एफ आणि आल्टोला चक्क सी मिळेल. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण आहेच, रुसला तरी चालेल.

खाली_भरी:
तबल्याचं मी बोलतो. तुमचा सातचा रिफ २+२+३ असा असेल तर घोळ तिथेच आहे. तबलजीच्या हातात सात म्हणजे रूपक, ती ती ना धी ना धी ना, ३+२+२, त्यात समेवरच (पहिल्या मात्रेवरच) 'खाली', म्हणजे हलकी जागा. म्हणजे तुमचा ड्रमर एकवर किक हाणतोय आणि हा तिथे मुद्दाम हलका हात ठेवतोय, मग बाहेर जाणारच की. त्याला 'सेव्हन एट' सांगू नका, रिफ तोंडाने म्हणून दाखवा, टाळी कुठे पडते ते दाखवा, पाच मिनिटात बसेल. शिवाय तबला एका सुरात मिळवलेला असतो, गाणं मधेच पट्टी बदलत असेल तर दायां (उजव्या हाताचा तबला) टोचायला लागतो, तेवढ्या भागात त्याला नुसत्या बायांवर (डग्ग्यावर) ठेवा किंवा गप्प बसवा. आणि ड्रमरला जाड काठ्या सोडायला लावा, नाहीतर तबल्याच्या माइकमधे झांजाच ऐकू येतील.

रिफवेडा:
फुंकर, चार्ट ट्रान्सपोज केलेच नव्हते 🙈 सगळ्यांना एकच पीडीएफ पाठवली होती. आणि हो, रिफ २+२+३ च आहे. काल कीबोर्डवाल्याला ब्रासच्या (सॉरी, हॉर्न्सच्या) भागात पॅड (मागे लांबवर धरलेले सूर) बंद करून डावा हात मांडीवर ठेवायला सांगितलं, अर्धा चिखल तिथेच गेला, पण आता तो म्हणतोय मग मी कशाला आहे.

जुनीतबकडी:
त्याला सोलो द्या एक. मोठा.