कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी एनलार्जर घ्यावाच लागतो का?

लातूरकर: आजोबांच्या ३५ मिमी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह सापडल्यात, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या हायेत, घरीच कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली प्रिंट) काढायचीय. एनलार्जर (फोटो मोठा करून छापायचं यंत्र) घेऊ का? दाबून धरायची प्रिंटिंग फ्रेम पाहिजेच का नुसती काच चालंल?

परभणीचा_फोटोवाला: एनलार्जर नका घेऊ, प्रिंट निगेटिव्हच्याच साइजची येते. १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब तीन-चार फूट वर टांगा. पैसे काचेवर घाला भाऊ, ५-६ मिमी जाड, जड पाहिजे म्हणजे वाकडी पट्टी सपाट बसते, आन् काचवाल्याकडून कडा घासून घ्या. खाली पातळ फोम, त्यावर फोटोचा कागद इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) वर करून, त्यावर निगेटिव्हची मॅट बाजू खाली, मग काच. निगेटिव्ह उलटी पडली तर फोटोतल्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात.

नांदेड_डार्करूम: एक ध्यानात ठेवा, सहा पट्ट्या शेजारी ठेवल्या की २१० मिमी होतात आणि ८ बाय १० चा कागद २०३ च मिमी रुंद असतो, म्हणून एका कागदावर पाचच ठेवा. घरातल्या निगेटिव्ह आहेत, कापू नका!

लातूरकर: आन् काम करताना खोलीत लाइट कोणता?

नांदेड_डार्करूम: मल्टिग्रेड (कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येणाऱ्या) कागदाला लाल सेफलाइट, म्हणजे कागद खराब न करणारा मंद दिवा. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) २० डिग्रीला पाहिजे, आपल्याकडं मे महिन्यात नळाचं पाणीच किती तापतं! ट्रे बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या घमेल्यात ठेवा, बर्फ डेव्हलपरमधी टाकू नका, पातळ होतो. आधी कागदाच्या एका तुकड्यावर बल्बचा उजेड २-२ सेकंद वाढवत टेस्ट घ्या.