मदत हवी आहे: रोलर कोस्टरच्या ब्लॉकला नुसते चुंबकीय ब्रेक चालतात का?

मंडळी, रोलर कोस्टरचं छोटं चालतं मॉडेल करतोय, कंट्रोलसकट. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

मूळ कल्पना कळली. ट्रॅकचे ब्लॉक पाडायचे, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, आणि ब्लॉकच्या शेवटी ती पूर्ण थांबवायची सोय हवी: ब्रेक, लिफ्टची चेन किंवा स्टेशन. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने सांगेपर्यंत गाडी सुटत नाही. म्हणून गाड्यांपेक्षा किमान एक ब्लॉक जास्त लागतो. हवेवरचे ब्रेकही पटले. गाडीखालची पट्टी जबडे स्प्रिंगच्या जोरावर पकडतात, हवा ते फक्त उघडते. हवा गेली की ब्रेक आपोआप लागलेलाच!

पण वेग कमी होईल तसा चुंबकीय ब्रेकचा जोरही कमी होत जातो. म्हणजे उतारावर गाडी हळूहळू सरकतच राहणार. मग शेवटी घर्षणाचा ब्रेक किंवा मोटरवर फिरणारे टायर लावावेच लागतात ना?

दुसरं, गाडी मधेच खोलगट भागात अडकली तर? २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कच्या 'स्मायलर' कोस्टरवर हेच झालं. यंत्रणेने मागची गाडी बरोबर रोखली होती. माणसांनी ती चूक समजून अडवणूक उठवली, आणि भरलेली गाडी अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. तर असा रीसेट प्रत्यक्षात कोणाच्या हातात ठेवतात, आणि त्याआधी काय काय तपासतात?

पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवर) काम केलेल्या कोणी लॉजिकचा कच्चा आराखडा दिला तरी पुरे.