‘बंध’ लिहू की ‘पकड’? आणि मेलेला बैल आखडतो की ताठतो?

तिफणवाला : अकरावीला बायो शिकवतो, दर्यापूर तालुक्यात. पुस्तक इंग्रजी, पोरं वऱ्हाडी, मधात मी. काल स्नायू शिकवत होतो : मायोसिन अन् ॲक्टिन ही स्नायूतली दोन प्रथिनं, अन् एटीपी हा पेशीला ऊर्जा देणारा रेणू. फळ्यावर लिहिलं, ‘एटीपी मायोसिनला बांधला गेला की मायोसिनचा ॲक्टिनशी असलेला बंध सुटतो.’ मागच्या बाकावरची पोरगी म्हणे, “सर, बांधल्यावर सुटते कसं?” इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, म्हणून मीही दोन्हीकडे ‘बंध’ ठोकला. पुढे आणखी गोची. मायोसिनच्या डोक्यावर काहीच नसलं किंवा नुसता एडीपी (एटीपीतला एक फॉस्फेट तुटल्यावर उरतो तो) असला तर ते ॲक्टिनला घट्ट धरतं. एटीपी असला, किंवा तो तुटून झालेले एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही असले, तर नुसतं टेकतं-निसटतं. एटीपीला एक अन् ॲक्टिनला दुसरं क्रियापद सुचवा.

जुनी_पाटी : ‘बद्ध होणे’ लिहावे. परिभाषा विद्यार्थ्याच्या सोयीने बदलत नसते.

पऱ्हाटी : रासायनिक बंध ही वेगळीच चीज आहे, म्हणून तर इथे ‘बंध’ नको. एटीपी ‘बसतो’, मायोसिन ‘धरतं’. विहिरीतून बादली ओढताना खालचा हात सोडल्याबिगर वरची पकड घेता येते का? एटीपी येतो तो आधी हात सोडवायले. 1942 च्या सुमारास हंगेरीत सेंट-ज्यॉर्जींच्या प्रयोगशाळेत हेच दिसलं : ॲक्टिन-मायोसिनचं चिकट द्रावण एटीपी टाकल्याबरोबर पातळ झालं.

जुनी_पाटी : ‘बसतो’ पाहुणा. रेणू नव्हे.

शंकरपट : मेल्यावर एटीपी संपते, मंग डोकं सुटतच नाही, बरोबर ना? आमचा बैल मागच्या वैशाखात सकाळी गेला. खड्डा होईपर्यंत दुपार झाली. पाय असे आखडले का चौघांनी दाबूनही दुमडेनात, खड्डाच रुंद करावा लागला. बाबा म्हणे, उन्हात लवकर आखडते, अन् पटात पळून मेला तर त्याहून लवकर.

पऱ्हाटी : बाबा बरोबर आहेत. पळण्यात एटीपी आधीच खर्ची पडलेला असतो.

जुनी_पाटी : बाबा बरोबर, शब्द चूक. आखडणे म्हणजे लांबी कमी होणे. ‘हात आखडता घेणे’ आठवा. मेलेला स्नायू आहे त्याच लांबीत जाम होतो. म्हणून ताठला.

शंकरपट : मंग झोपेतून उठल्यावर मान आखडते तवा थे काय बुटकी होते काय?

तिफणवाला : 😂 ‘ताठर अवस्था’ लिहितो. पण माझं क्रियापद?

डीपी_जळाली : आमच्याकडे ‘आखडणे’ नाही, ‘आकडणे’. आकड्यावरून आलं. मायोसिनचं डोकं आकड्यावाणीच असते, ॲक्टिनच्या तारेवर टाकलेलं.

जुनी_पाटी : ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. हिंदीतल्या ‘अकड’चा विचार करा.

डीपी_जळाली : मराठीतलं आमचं काही असलं का हिंदीतून आलं! अन् आकडा हिंदीतून आला काय?

पऱ्हाटी : उपमा उलटी पडते भाऊ. तुमच्या आकड्यातून लाईन येते. इथे लाईन आली का आकडा सुटते.

डीपी_जळाली : हाव न. लाईन गेली तरी आकडा तारेवर लटकूनच असते. मी थेच सांगून राहिलो.

शंकरपट : तुमच्याकडे लाईन कवा असते? आमच्याकडे या हप्त्यात दिवसाची बंद.

तिफणवाला : अरे, उद्या सकाळी 8 ला तास आहे. ‘बसतो’ अन् ‘धरतं’ लिहू का?

जुनी_पाटी : लिहा. परीक्षेत मार्क कोण देणार तेही विचारून घ्या.

डीपी_जळाली : रात्री 12 ला. हरभऱ्याले पाणी द्याचं आहे, मोटर लावायले निघून राहिलो.