बीबी का मकबरा: ‘दख्खनचा ताज’ म्हणणं बंद करा की

खामकाठचा: औरंगाबादला आलेला प्रत्येक पाहुणा मकबरा पाहून “हा म्हणजे गरिबांचा ताज” म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. अहो, ताजमहाल बागेच्या टोकाला, यमुनेला खेटून आहे. मकबरा चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, बरोब्बर मधोमध! ही मांडणी दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची. आराखडा करणारा अताउल्ला हा ताजशी ज्याचं नाव जोडतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. त्याला हुबेहूब नक्कलच करायची असती तर इमारत बागेच्या मध्यावर आणलीच नसती.

आग्रारिटर्न: मांडणी नकाशात दिसते हो. दारातून आत शिरल्यावर काय दिसतं ते बोला. ताजचा चौथरा ऐसपैस, त्यामुळे मिनार लांब राहतात आणि घुमटाला श्वास घेता येतो. इथे चौथरा आखडला, मिनार मात्र दांडगेच ठेवले. फोटोत तर घुमट चार पोलिसांनी धरून आणलेल्या आरोपीसारखा दिसतो.

चुनागच्ची: 😄 पण खर्चही बघा. मकबऱ्याला सुमारे ६ लाख ६८ हजार रुपये लागल्याची नोंद आहे, ताजचा आकडा कोटींत. संगमरवर भिंतींच्या तळाला आणि घुमटाला. मधला भाग आपला काळा दगड (बेसाल्ट), वर चुन्याचा गिलावा. संगमरवर राजस्थानातून बैलगाड्यांनी यायचा, इथे बेसाल्ट पायाखालीच होता. मला तर त्या गिलाव्यातली वेलबुट्टीच आवडते. जवळ जाऊन बघा, पाकळीची कड अजून बोटाला लागते. (हात लावू नका, रखवालदार ओरडतो.)

आग्रारिटर्न: पैसे कमी होते हे कारण झालं, समर्थन नव्हे. तेवढ्याच पैशांत ठेंगणे मिनार बसले असते.

जुनी सनावळी: मधेच एक. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आईसाठी बांधला असं गाइड सांगतात. आझमचा जन्म १६५३चा, त्याची आई दिलरस बानू १६५७ साली गेली. चार वर्षांचं पोर काय हुकूम देणार? बापानेच काढला असणार. ज्याने खुलताबादेत स्वतःसाठी उघड्यावरची साधी कबर पसंत केली, त्याने बायकोसाठी हे उभारलं. वादच घालायचा तर यावर घाला.

खामकाठचा: आतला भाग कुणीच काढला नाही. ताजमध्ये वर दाखवायची कबर, खरी तळघरात. इथे वर काहीच नाही. कठड्यावरून वाकून थेट खाली पाहायचं, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आतली मातीची खरी कबर. ही कल्पना ताजची नाही.

आग्रारिटर्न: आतलं मान्य, ते ताजपेक्षा सरस आहे. लोक वरून नाणी टाकतात ते सोडा. पण मिनारांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.