'सेम्पिटर्नल': कीबोर्ड आला आणि मेटलकोर गेलं?

भडंग_मेटल: काल सांगलीत विश्रामबागेत मित्राच्या खोलीवर 'ब्रिंग मी द होरायझन' या ब्रिटिश मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंकची मिसळ) बँडचा 'सेम्पिटर्नल' (२०१३) हा अल्बम परत सलग ऐकला. लोक डोक्यावर घेतात, पण माझ्या लेखी ती या बँडच्या घसरगुंडीची पहिली पायरी. २००६ चा 'काउंट युअर ब्लेसिंग्ज' लावा. ओबडधोबड आहे, पण अंगावर येतो. इथं जॉर्डन फिश कीबोर्ड घेऊन आत आला आणि अल्बम बाजारात यायच्या आधीच जोना वाइनहोफन गिटार घेऊन बाहेर. पुढं २०१९ च्या 'अमो'त गिटार शोधायला बॅटरी लागते.

कृष्णाकाठ: भावा, निर्माता कोण ते बघितलंस का? टेरी डेट. पँटेरा आणि डेफ्टोन्स या जड मेटल बँडचे अल्बम करणारा गडी. तो गिटारला गुळगुळीत करून देणार होय! ब्रेकडाऊनच्या, म्हणजे लय संथ होऊन गिटार-ड्रम जड आदळतात त्या तुकड्याच्या आधी सगळं थांबतं, खाली फक्त कीबोर्डची धार उरते. मग ली मालियाची गिटार येते ती दुप्पट जड लागते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती खणाखणी केली की कान दहा मिनिटांत बधिर होतात.

भडंग_मेटल: डेट सांगितलास, मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज शेवटी जुळवायचं काम, कुणाचं ते गिळलंस. डेव्हिड बेंडेथ! पॅरामोर या पॉप-रॉक बँडचा 'रायट' करणारा. ती चकाकी तिथनं आली.

घाटमाथा (सातारा): चकाकी असो नाहीतर नसो, अल्बम खपाच्या यादीत ब्रिटनमध्ये तिसरा, अमेरिकेत अकरावा.

भडंग_मेटल: भडंग पण खपतंय की राव. म्हणून ते पंचपक्वान्न होतंय का?

जवारीवाला (मिरज): आमच्या घरी सतारी बनतात, म्हणून बोलतो. जवारी म्हणजे काय? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ कानशीनं अशी घासायची की तार तिला हलकी चाटून जाईल आणि सुराला झणझणाट येईल. गिटारचा आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन तरी वेगळं काय करतं? एका सुराच्या पोटातनं बारीक सूर वर काढतं. जवारी बिघडली तर शेजारी तानपुरा आहे म्हणून बिघडली असं कुणी म्हणत नाही, हात चुकला म्हणतात. आणि पेटीला तर १९४० मध्ये रेडिओनं बाहेर काढलं होतं, मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून. आज सांगलीत ऑर्गनशिवाय नाट्यपद गाऊन दाखवा, लोक उठून जातील.

भडंग_मेटल: दादा, पेटी गायकाच्या मागं असते. इथं कीबोर्ड पुढं येऊन बसलाय.

कृष्णाकाठ: पुढं कीबोर्ड नाही रे, शब्द आलेत. बँडचा गायक ऑली साइक्स केटामाइनच्या व्यसनातनं बाहेर पडला होता. २०१४ मध्ये पुरस्कार घेताना त्यानं स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. तो अल्बम त्याच दिवसांतला. आधीच्या गुरगुरण्यात एक ओळ कळत नव्हती, इथं कळते. जागा कुणीतरी सोडायलाच लागते.

भडंग_मेटल: हे मला माहीत नव्हतं. शब्द समोर ठेवून परत ऐकतो. 'अमो'ला मात्र माफी नाही.

जवारीवाला (मिरज): रविवारी मिरजेला ये, इथंच ऐकू. पण हेडफोन आण. आमचे वडील बाहेरच्या खोलीत तारा लावत बसतात, ब्रेकडाऊन सुरू झाला की कानस हातात घेऊनच आत येतील.