जुन्या प्रोजेक्टवरून एस्टिमेट काढताना माशी शिंकते कुठे?

फुरसतीचा कोडर:
मंडळी, आमच्याकडे जुन्या प्रोजेक्टांच्या टाइमशीट पडल्यात, तरी नवीन एस्टिमेट द्यायची वेळ आली की लीड म्हणतो "अरे हे तर त्या इन्शुरन्सवाल्या पोर्टलसारखंच आहे", मग तोच आकडा, वर दहा टक्के, पाठवून मोकळे, आणि यूएटीपर्यंत (क्लायंटची शेवटची तपासणी) बोंबाबोंब. मागचा डेटा असून असं का होतं?

नानाची टांग:
मानसशास्त्रज्ञ काहनेमनचा किस्सा वाच. इस्रायलमध्ये १९७० च्या दशकात शाळेसाठी एक अभ्यासक्रम बनवत होते, टीममधल्या सगळ्यांचा अंदाज साधारण दोन वर्षं. मग त्याने टीममधल्याच एका तज्ज्ञाला विचारलं की अशा बाकीच्या टीम्सचं काय झालं, तर तो म्हणे ४० टक्के तर पूर्णच झाल्या नाहीत आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षं लागली!! गंमत म्हणजे त्या तज्ज्ञाचा स्वतःचा अंदाजही दोनच वर्षांच्या आसपास होता. शेवटी आठ वर्षं लागली. डेटा डोक्यात असतो, पण आपलं काम "वेगळं" वाटतं ना.

शून्य_बग:
+१. शिवाय मागचा उशीर आठवला तरी आपण म्हणतो तेव्हा सर्व्हर पडला होता, तेव्हा अमका सोडून गेला, या वेळी तसं नाही होणार. आणि "सारखंच" म्हणजे नक्की काय सारखं? स्क्रीन सारख्या दिसतात म्हणून लगेच तो प्रोजेक्ट आठवतो, पण वेळ खातं डेटा मायग्रेशन (जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणं) आणि क्लायंटकडे सही कोण करणार हे, ते कुणी जुळवून बघत नाही.

पुणेरी क्यूए:
एकच केस घेऊ नका, पाच-सात घ्या आणि सरासरीवरही विसंबू नका. फ्लुबियर्ग आणि बुडझियर या संशोधकांनी २०११ मध्ये १४७१ आयटी प्रोजेक्ट तपासले, खर्च सरासरी २७ टक्केच वाढलेला, पण दर सहातला एक सरासरी २०० टक्क्यांनी फुगलेला. तुमच्या लीडला नेमका तोच आठवत नसणार.

फुरसतीचा कोडर:
पटलं, पण सेल्सवाले आधीच क्लायंटचं बजेट सांगून बसतात त्याचं काय?

शून्य_बग:
मग गेलंच. नॉर्वेच्या योर्गनसन नावाच्या संशोधकाने यावर बरंच काम केलंय, तो आकडा एकदा कानावर पडला की दुर्लक्ष करा सांगूनही अंदाज तिकडेच सरकतो. ज्याने बजेट ऐकलं नाही त्याला जुन्या केसेस काढायला बसव. आणि टाइमशीटवर फार जाऊ नकोस, शनिवार-रविवारचे तास त्यात कोण भरतं?